उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरं सांभाळताना: मराठवाड्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

१ मेला झेंडावंदन होतं, निकालपत्रकं वाटली जातात आणि लेकरं दप्तर उडवत घराकडं पळतात. तिथून जूनच्या मध्यापर्यंत ती आमच्या नजरेआड असतात. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. निकालाच्या दिवशी पालकांना अर्धा तास थांबवून घेते आणि सुट्टीबद्दल बोलते. त्या वेळी आणि नंतर फोनवर जे प्रश्न येतात ते इथं एकत्र लिहिलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथंच आपल्या भागातली लेकरं दरवर्षी जातात.

सुट्टीत सगळ्यात मोठा धोका कशाचा? उन्हाचा का?

ऊन आहेच. पण मला विचाराल तर आधी वेळ बघा, मग जागा. दुपारी एक ते चार. जेवणं झालेली असतात, मोठी माणसं कूलरपुढं आडवी होतात आणि लेकरांना काही झोप येत नाही. विहीर, शेततळं, कालवा, धुऱ्यावरचा आंबा, झाडावरचं आग्या मोहोळ, सगळं याच वेळात त्यांना बोलावतं.

दुसरी गोष्ट भरल्या घराची. मामाच्या गावी घरात बारा मोठी माणसं आणि नऊ लेकरं असली की आईला वाटतं आजी बघतेय, आजीला वाटतं मामी बघतेय, मामीला वाटतं मोठी पोरं सोबत आहेत. बघत कुणीच नसतं. म्हणून आमच्या घरी एक रीत पाडली आहे: दुपारी लेकरांवर कुणाचं लक्ष, ते नाव घेऊन ठरवायचं. आज धाकटी काकू, उद्या मामा. ज्याची पाळी त्यानं त्या तीन तासांत झोपायचं नाही आणि मोबाईलमध्ये मान घालायची नाही. पुरुषांची पाळीही लागली पाहिजे, एवढं मी आग्रहानं सांगते.

आमच्या शेततळ्यात पाणी छातीइतकंच उरलंय. तरी एवढं भ्यायचं का?

हो, भ्यायचंच. विहीर दिसताक्षणी माणूस जपून पाऊल टाकतं. शेततळं उथळ आणि निळंशार दिसतं, त्यामुळं लेकरू बिनधास्त कडेला जातं. आत उताराला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. कोरडा असताना त्यावर पाय ठरतो, पण पाण्यालगतच्या हातभर पट्ट्यात शेवाळ धरलेलं असतं आणि तिथं पाय पडला की साबणावर पडल्यासारखा सरकतो. धरायला ना दगड, ना मूळ, ना पायरी. मागेल त्याला शेततळे योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल असतं. म्हणजे भरलेलं असेल तर जवळपास दोन पुरुष पाणी. आटलेलं असेल तर पाणी कमी, पण चढून यायचा निसरडा उतार जास्त.

माझा भाचा असाच सरकला होता. नऊ वर्षांचा. चप्पल घसरून पाण्यात गेली, ती काढायला उतरला. भाऊ तिथंच मोटारीपाशी होता, आवाज ऐकून त्यानं उडी घेतली. त्याला चांगलं पोहता येतं, लेकराला त्यानं धरलंही, पण दोघांनाही वर येता येईना. चार पावलं चढायचे आणि पुन्हा पाण्यात. शेवटी गड्यानं स्प्रिंकलरचा पाईप खाली सरकवला, त्याला धरून ते बाहेर आले. संध्याकाळी मी गेले तेव्हा भाच्याच्या बोटांची नखं मुळापासून सोलवटलेली होती. कागदाला धरायचा प्रयत्न करताना झालेलं ते. ते हात मी विसरू शकत नाही.

त्या आठवड्यात भावानं चारही बाजूंना नायलॉनचे दोर सोडले. दर हातभर गाठ, वरचं टोक पक्क्या लोखंडी खुंटीला, खालचं टोक थेट तळापर्यंत. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून एक तळ्यात सोडली आणि एक काठावर ठेवली. जाळीचं कुंपण होतंच, पण फाटकाला कुलूप नव्हतं, ते लावलं. सगळा खर्च एका फवारणीइतकाही झाला नाही. तुमच्या शेततळ्याला गाठीचा दोर नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी तेवढं करा.

मग लेकरांना पोहायला शिकवावंच नाही का?

शिकवावं, आणि मुलींना आवर्जून शिकवावं. उन्हाळ्यात पाण्याला विहिरीवर जातात त्या मुलीच, तोल जाऊन पडतात त्याही मुलीच, आणि पोहायला मात्र आपण फक्त पोरांना पाठवतो. हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडची जुनी पद्धत चांगली आहे: पाठीला भोपळा किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि पट्टीचा पोहणारा माणूस स्वतः पाण्यात. एका वेळी एकच शिकाऊ लेकरू. दोन-तीन उन्हाळे गेले की अंगात बसतं. ज्या गावात किंवा शहरात तरण तलाव आहे त्यांनी तिथं जावं, पण जीवरक्षक जागेवर आहे ना, ते स्वतः बघून.

विहीर निवडताना मोटारीकडं बघा. शेतीची लाईट पाळीनं येते आणि बऱ्याच जणांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. विहिरीत पोरं, पाण्यात लोंबणारी केबल, कुठंतरी तिचं रबर निघालेलं, आणि वर बटण दाबणारं कुणीच नाही. पोहायला उतरण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही. फ्यूज काढून खिशात घाला.

मुटका मारणाऱ्या पोरांना एक सांगा. दिवाळीत ज्या कपारीवरून ते उडी मारायचे तिथं पाणी आता दहा-पंधरा हात खाली गेलेलं असतं आणि खडक वर आलेला असतो. डोक्यावर पडून मान मोडली की जीव वाचला तरी पोरगं अंथरुणाला खिळतं. बंद पडलेल्या, वर्षानुवर्षं उपसा नसलेल्या विहिरीत तर कुणीच उतरू नये, तिथं तळाला श्वास कोंडणारी हवा साचलेली असते. एकामागून एक वाचवायला गेलेली माणसं अशाच विहिरीत जातात.

गंगेत स्नानाला नेलं तर चालेल ना? पाणी गुडघ्याइतकंच आहे.

गोदावरीला आपण गंगा म्हणतो आणि पैठण, गंगाखेड, नांदेडला लेकरांसकट जातो. घाटावर, मोठ्या माणसाचा हात धरून, पायरीवर बसून स्नान, एवढंच ठेवा. वाळू उपसल्याचे खड्डे पात्रात वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारं लेकरू पुढच्या पावलाला डोक्याच्या वर पाण्यात जातं.

कालव्याचं वेगळं. जायकवाडीचा डावा कालवा परभणीकडं येतो, उजवा बीडकडं जातो. काल कोरडा असलेला कालवा आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीनं सोडायचं पाणी, सुटलं की आज भरून वाहतो, बाजूच्या उतारावर सिमेंटचं अस्तर असल्यानं पाय ठरत नाही आणि ओढ अशी असते की मोठा माणूसही टिकत नाही. पाणी सुटल्याचं गावात कळलं की त्या संध्याकाळी लेकरांनाही घरात स्पष्ट सांगा.

कुणी बुडताना दिसलं तर लेकरांनी काय करायचं?

उडी मारायची नाही. हे लेकरांना दहा वेळा म्हणायला लावा. आपल्या भागातल्या बातम्यांत एका वेळी दोन-तीन भावंडं जातात ती बहुतेकदा अशीच, एक बुडतोय म्हणून दुसरा जातो. ओरडायचं, आणि दोर, साडी, बांबू, पाईप, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं. फेकताना आपण आडवं पडून राहायचं.

बाहेर काढल्यावर लेकराला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात जी मिनिटं जातात तीच मोलाची असतात. पाठीवर सरळ निजवा. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडातून पाच फुंकरी द्या, छाती वर येते का बघा. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरानं आणि भराभर दाबा, दोन फुंकरी, पुन्हा ३०. मिनिटाला १०० ते १२० दाब या गतीनं. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा लेकरू श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. लेकरू शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

ऊन लागलंय हे ओळखायचं कसं? खिशात कांदा ठेवला तर लागत नाही म्हणतात.

कांदा जेवताना खायला द्या, खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. आज्जीला हे पटवायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. पारा ४२-४३ अंशांवर गेला की कामाचं एकच: अकरा ते चार सावली, आणि तहान लागायच्या आधी पाणी. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत यांच्यापेक्षा भारी काही बाजारात मिळत नाही. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय समजा.

उन्हानं थकलेल्या लेकराचं डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, घाम खूप येतो. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओआरएस घोट-घोट पाजा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

लेकरू असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं, झटके आले, अंग भट्टीसारखं तापलं, ताप १०४ फॅरेनहाइटच्या वर गेला, तर तो उष्माघात. इथं तापाच्या गोळीनं उतार पडत नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडीची वाट बघत असतानाच डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, पंख्याचा किंवा पुठ्ठ्याचा वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं.

लग्नांबद्दल एक राहिलं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, आणि वयात आलेल्या मुली सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. चक्कर येऊन पडतात तेव्हा लोक उपास-तापास, नजर असलं काहीबाही बोलतात. कार्य काढणाऱ्यांनी मुली-बायकांसाठी आडोशाची, पाण्याची सोय आधी बघावी, मग डीजे ठरवावा.

कूलरचा हलका करंट लागतो, पण कामाला काही अडत नाही. दुरुस्त केला नाही तर?

हलका करंट हा इशारा असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लोखंडी कूलरला हात लावणाऱ्या लेकरासाठी तो हलका राहत नाही. आपल्या घरात कूलरमध्ये पाणी भरायचं काम बहुधा लेकरांनाच सांगतात: "जा रे, दोन बादल्या ओत." ते सुट्टीपुरतं मोठ्यांनी करा. बटण बंद, पिन बोर्डातून बाहेर, पायात कोरडी चप्पल, मग पाणी. तीन पायांची पिन आणि घराला खरोखरचं अर्थिंग हवं. पुष्कळ घरांत तिसऱ्या भोकाला मागं तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून तेवढं तपासा आणि जमल्यास मेन बोर्डाला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात लाईट तोडतो. कुणी चिकटलंच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडा.

नवा गहू कोठीत भरलाय, कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकल्यात. त्याच खोलीत लेकरं झोपली तर चालतील का?

नाही. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मी स्वतःच काढते. त्या गोळ्यांतून, ज्यांना गावात सल्फास म्हणतात, हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. एप्रिल-मे म्हणजे धान्य भरायचे दिवस, त्यात दारं-खिडक्या लावून झोपलेलं घर. पहाटे लेकरांना उलट्या, पोटदुखी, धाप लागते आणि घरचे समजतात काल लग्नात खाल्लेलं बाधलं. या विषावर उतारा नाही, दवाखान्यात शरीराला फक्त आधार देता येतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, आणि डॉक्टरांना गोळ्यांबद्दल पहिल्या वाक्यात सांगा.

राहत्या घरात या गोळ्या वापरूच नयेत. धान्य कडकडीत उन्हात वाळवा, कडुलिंबाचा पाला घाला, बिब्बे घाला, हवाबंद पिशव्या मिळतात त्या वापरा. थोडी कीड लागली तर चाळता येते.

रात्री माळवदावर झोपतो. साप-विंचवाची भीती वाटते.

माळवदावर झोपण्याचं सुख मी लहानपणी घेतलंय, ते लेकरांकडून काढून घ्या असं म्हणणार नाही. पण कठडा नसेल तर लहानांना मध्ये आणि मोठ्यांना कडेला झोपवा. अर्ध्या झोपेत लघवीला उठलेलं लेकरू दिशा चुकतं. अंगणात असाल तर जमिनीवर अंथरूण नको, बाज हवी, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा इतका बारीक की कळतही नाही. पहाटे लेकरू म्हणालं पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलताना जीभ अडखळतेय, तर खूण सापडो न सापडो, सरळ सरकारी दवाखाना गाठा.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळं कुठला साप होता हे शोधत बसू नका, मारून बरोबर नेऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि निघा. आधी पारावर, मग मंत्र घालणाऱ्या जाणत्याकडं, मग दवाखान्यात, या क्रमात लेकरं गेलेली मी बघितली आहेत.

विंचू गोवऱ्यांत, कडब्याच्या गंजीत, दगडाखाली असतो. लाल विंचू चावलेल्या लेकराला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर विष हृदयावर गेलंय. वेदना कमी आहेत म्हणून गाफील राहू नका. यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाड भागात काम करताना त्यांनी ते सिद्ध केलं. औषध लवकर मिळालं तर लेकरू वाचतं.

वळवाचा पाऊस आला की लेकरं कैऱ्या वेचायला पळतात. जाऊ द्यावं का?

वारं सुटलं की आंब्याखाली पाड पडतो आणि लेकरं टोपली घेऊन पळतात, हे मलाही आठवतं. नेमकी तीच वेळ वीज पडायची. ढगांचा गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, तर पक्क्या घरात शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतात अडकलात तर झाड, विजेचा खांब, पत्र्याचं शेड, पाणी यांपासून लांब, दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा, घोळक्यानं नव्हे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावा, श्वास नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे छाती दाबायला लागा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी हे ॲप मोबाईलवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सावध करतं.

शेतात फेल गेलेले दोन बोअर आहेत. वर पोतं झाकलंय.

पोतं काढा आणि केसिंगला नटबोल्टचं लोखंडी टोपण बसवा, नाहीतर बोअर माती-मुरुमानं तळापासून बुजवून टाका. आज. वाट बघण्यासारखं यात काही नाही.

पोरगा सोळाचा झाला, गाडी चांगली चालवतो. गावातल्या गावात दिली तर?

कायद्यानं गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मोटार वाहन कायद्यात ही तरतूद २०१९ पासून आहे. पण दंडाची भीती घालण्यापेक्षा मी पालकांना एवढंच विचारते: लग्नाच्या घरी "जा रे, फाट्यावरून पाहुण्यांना घेऊन ये" असं त्याला कोण सांगतं? आपणच. तिघं बसून, बिनहेल्मेट, अंधारात ऊस वाहून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीच्या मागं. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लेकरू बसवणं हेही बंद करा. एका गचक्यात ते मागच्या चाकाखाली जातं. टँकर आला की हंडे घेऊन पळणाऱ्या लेकरांना ड्रायव्हर आरशात दिसत नाही. टँकर पूर्ण थांबेपर्यंत एका मोठ्या माणसानं त्यांना दोरीमागं उभं करावं.

दहावी-बारावीचा, नीटचा निकाल जवळ आलाय. पोरगी गप्प-गप्प राहते.

लातूर, नांदेडला दोन वर्षं क्लास लावून, होस्टेलवर राहून परतलेलं लेकरू घरी येतं तेव्हा घरानं काढलेलं कर्ज त्याला पाठ असतं. त्याला पुन्हा आठवण करून देऊ नका. जेवण-झोप उडणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं होईल" असं बोलणं, यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर काहीही आलं तरी तिला एकटं सोडू नका. टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. कापसाच्या फवारणीचं औषध जूनसाठी आधीच आणून ठेवलं असेल तर ते घराबाहेर, कुलपात ठेवा. निकालाच्या दिवशी घरातलं कोण तिच्यासोबत असणार, तेही नाव घेऊन ठरवा.

पोरगी सतराची आहे, स्थळ चांगलं आलंय. सुट्टीत उरकून टाकलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न सुरक्षिततेच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. माझ्या वर्गातल्या जितक्या मुली उन्हाळ्यानंतर शाळेत परत आल्या नाहीत, त्यातल्या पाण्यानं नेलेल्या थोड्या आणि मांडवानं नेलेल्या जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी आणि बीड जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाची अडचण मला कळते: कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, वयात आलेली मुलगी न्यायची भीती, गावात ठेवायची भीती. पण सतराव्या वर्षीचं बाळंतपण हा तिच्या जिवाला त्याहून मोठा धोका आहे.

मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ हवं. २००६ च्या कायद्यानं बालविवाह लावणाऱ्याला, त्यात मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या लेकरांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर तुमचं नाव सांगितलं जात नाही. मुलींनो, हा नंबर तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

भरल्या घरात पाहुण्यांपैकी कुणी लेकराशी वाईट वागलं तर कळणार कसं?

असं करणारं माणूस बहुतेकदा ओळखीचंच असतं. म्हणून लग्नघरात झोपायची व्यवस्था ठरवताना लेकरं कुणाशेजारी झोपणार हे आईनं बघावं. एखादं लेकरू अमक्याच्या मांडीवर बसायला, तमक्यासोबत दुकानात जायला नाही म्हणत असेल तर "मामा आहेत, असं करू नये" म्हणून ढकलू नका. मुलग्यांच्या बाबतीतही हे घडतं.

त्यानं सांगितलं तर आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. आवाज चढवू नका, पुन्हा-पुन्हा वदवून घेऊ नका. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. गुन्ह्याची माहिती असलेल्यानं ती पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे, आणि लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, गणवेशात नसलेल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. घराण्याची अब्रू म्हणून मिटवलेली प्रकरणं लेकराच्या मनात मिटत नाहीत.

मोबाईलवरून ओळख काढून कुणी फोटो मागत असेल, धमकावत असेल, तर लेकराच्या हातून फोन हिसकावून घेऊ नका. मेसेज न पुसता तसेच ठेवा आणि पोलीस ठाणे गाठा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन.

एवढे नंबर लेकरांच्या लक्षात कसे राहणार?

मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईलला लॉक असतं आणि तो शेतात गेलेला असतो. आमच्या घरी दाराच्या मागच्या बाजूला मार्करनं लिहिलेत: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १०९८ लेकरांसाठी. खाली आई-बापाचे नंबर.

नंबर लावून दिला तरी पुढं अडतं ते पत्त्यावर. समोरचा विचारतो "कुठून बोलताय?" आणि लेकरू म्हणतं "शेतातून". माझ्या चौथीच्या वर्गाला मी मे महिन्याआधी हाच एक पाठ घेते: गावाचं नाव, तालुका, शेत कुणाचं, गट नंबर किती, डांबरी रस्त्यावरून कुठल्या देवळापाशी किंवा कुठल्या डीपीपाशी वळायचं. गाडी बोलावून झाली की एकानं त्या वळणावर जाऊन उभं राहायचं. कुणी उभं राहायचं, त्याचंही नाव लेकरं आपसात आधी ठरवून ठेवतात.